ओर्टनरची चकती

मायस्टर ओर्टनरच्या पत्रावर नऊ एप्रिल ही तारीख होती. सप्टेंबर संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. त्याच्याखाली उत्तराचे माझे मसुदे होते, अकरा पानं, तीन आकृत्यांसह. त्यातलं एकही पान पाठवण्याच्या लायकीचं नव्हतं.

ओर्टनर आणि मी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एकाच कंपनीत सव्वीस वर्षं काढली. मी मोजमाप-खोलीत, भिंगं आणि सूक्ष्मदर्शकांपाशी. तो शेजारच्या टूलरूमचा मायस्टर, म्हणजे प्रमुख कारागीर. मी डॉक्टरेट केलेला, तो आठवीनंतर कामाला लागलेला. कुणाला किती येतं हे दोघांनाही ठाऊक होतं. निवृत्तीनंतर तो फ्रँकिश श्वाइत्सच्या डोंगराळ भागातल्या आपल्या गावी गेला. मी इथेच राहिलो, पुस्तकांच्या तीन कपाटांजवळ.

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, याखेरीज हाक मारली नव्हती. पत्रात त्याने लिहिलं होतं:

“हेर मोडक, माझे डोळे म्हातारे झाले. रायफलीची मागची खाच दिसते तेव्हा नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसत नाही. माशी दिसते तेव्हा डुक्कर दिसत नाही. म्हणून हिवाळ्यात पीप साइट बसवून घेतली. मागे खाचेऐवजी आता एक कडं आहे आणि त्यात आट्यांवर बसणारी बारीक भोकाची चकती. उन्हात, कागदावर ती चमत्कार करते. जंगलात धुराड्यातून बघितल्यासारखं वाटतं. चौदा ऑक्टोबरला आमच्या मंडळाची परीक्षा आहे, धावत्या डुकरावर पाचांतल्या दोन गोळ्या लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर हाक्याच्या शिकारीतली माझी जागा दुसऱ्याला जाईल. झऱ्याजवळच्या त्या जागेवर मी पंचेचाळीस वर्षं उभा राहतोय. बॅटरीवर चालणारा लाल ठिपका मी लावणार नाही. १९८३ साली तुम्ही मूठ आवळून मला भोकाचं शास्त्र सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. आता सांगा. भोक लहान करू, मोठं करू, की सोडून देऊ? थोडक्यात लिहा. तुमच्या रिपोर्टांसारखं नको.”

त्याची रायफल मी एकदा पाहिली होती. लिव्हर-ॲक्शन, म्हणजे घोड्याखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की पुढचं काडतूस वर येतं. इथल्या बराकीतल्या एका अमेरिकन सार्जंटकडून त्याने ती तरुणपणी घेतली होती.

मुठीचं शास्त्र साधं आहे. मूठ ढिली आवळून तिच्या भोकातून पाहिलं की म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय मेनूकार्ड वाचता येतं. भोक जितकं बारीक तितकं जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसतं. पण उजेड तितका कमी. हे मी ओर्टनरला कॅन्टीनमध्ये करून दाखवलं होतं. तो बटाट्याचं सॅलड खाता खाता म्हणाला, “हेर मोडक, हे तुम्ही वाचलंय. केलंय का?”

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण नाही हसलो तर बरं दिसलं नसतं.

उत्तर न देण्याचं कारण तेच होतं. मी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. पहिला महिना वाचण्यात गेला, दुसरा वाचलेलं पडताळण्यात. तिसऱ्या महिन्यात उशिराची लाज वाटायला लागली. त्यानंतर मी खण फक्त स्टेपलरसाठी उघडायचो, आणि तेही पत्राकडे न बघता.

अशात रुपेशचा फोन आला.

रुपेश माझा जावई, शमिकाचा नवरा. एश्बॉर्नला सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे. न विचारता सांगण्याचा त्याचा धंदा आहे आणि लोक त्यासाठी त्याला विमानाने बोलावतात.

“बाबा, तुम्ही ऑप्टिक्सवाले ना?”

“म्हणजे, तसा मी...”

“गेनाऊ! अगदी बरोबर! मग तुमच्यासाठी एक प्रोजेक्ट आहे. शनिवारी येतो. मंगळवारी सुट्टी आहे, सोमवारची मी रजा टाकलीय.”

प्रोजेक्ट म्हणजे रायफल. त्याच्या शेफला, म्हणजे ऑफिसातल्या साहेबाला, शिकारीचा नाद होता आणि नोव्हेंबरात शेफच्या रानात हाक्याची शिकार होती. तेवढ्यासाठी रुपेशने शिकारीचा परवाना काढला. ज्या परीक्षेचा जर्मन माणूस वर्षभर अभ्यास करतो ती याने तीन आठवड्यांच्या शिबिरात, नाश्ता-जेवणासह उरकली. आणि परवाना मिळाल्यावर शंभर समंजस रायफली सोडून त्याने लिव्हर-ॲक्शन घेतली. का, तर तिला स्टाइल आहे.

“डुक्कर मारणार, आणि खाणार कोण?” शोभना, माझी बायको, स्वयंपाकघरात मला म्हणाली. “अहो, याला अंड्यातला पिवळा भाग चालत नाही.” मग बाहेर जाऊन ती त्याला म्हणाली, “रुपेशराव, पोहे अजून घ्या ना.”

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तीन पीप साइट मांडलेल्या होत्या. तिन्ही त्याने इंटरनेटवरून मागवल्या होत्या. पहिली उंच, घडीची, बंदुकीच्या मानेवर उभी राहणारी, चित्रातल्या काउबॉयला शोभेल अशी. दुसरी निशाणेबाजीच्या स्पर्धेतली, तिला दोन्ही बाजूंना आकडे कोरलेल्या चकऱ्या. तिसरी साधी होती. एक काळं कडं, खाली पट्टी, पट्टीत दोन स्क्रू, आणि सोबत आट्यांच्या तीन चकत्या.

रुपेशने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक्सेलमध्ये त्याने प्रत्येक साइटला बारा निकषांवर गुण दिले होते. स्पर्धेतली पहिली आली होती, सत्त्याऐंशी गुणांनी. साधी शेवटची, एकेचाळीस.

“‘लुक ॲंड फील’ला वीस टक्के वजन आहे,” मी म्हणालो.

“मग? ते महत्त्वाचंच आहे, बाबा.”

“डुकराला?”

मी हे इतकं हळू म्हणालो की त्याला ऐकू गेलं नाही. माझे चांगले टोमणे असेच वाया जातात.

निवड शेवटी एक्सेलने केली नाही, भोकांनी केली. आम्ही तळघरात गेलो, तिथे माझं एक छोटं वर्कबेंच आहे. रुपेशने पेटीचं कुलूप उघडलं, रायफल रिकामी असल्याचं मला तीनदा दाखवलं; शिबिरात तेवढं मात्र पक्कं शिकवलेलं दिसलं. बंदुकीच्या धडावर, मागच्या बाजूला, कारखान्यानेच दोन भोकं पाडून त्यात खोटे स्क्रू बसवले होते. स्पर्धेतल्या साइटची भोकं त्यांच्याशी जुळत नव्हती. काउबॉयवाल्या साइटसाठी लाकडी दस्त्यात नवं भोक पाडावं लागलं असतं.

“पाडू या की,” रुपेश म्हणाला.

“आणि चुकलं तर?”

“यूट्यूबवर आहे.” हे तेव्हा नवीनच निघालं होतं, आणि त्याच्या तोंडी देवाच्या नावासारखं असायचं.

मी साधी साइट भोकांवर ठेवली. ती बसली. एकेचाळीस गुणांची. भोकांतलं तेल पुसलं, स्क्रू हाताने लावले, मग कडी चालवून पाहिली, स्क्रू आतपर्यंत जाऊन अडत तर नाहीत ना म्हणून. अडले नाहीत. नळीवरची जुनी खाच पितळी ठोकणीने उजवीकडे सरकवून काढली. तिन्ही चकत्यांतली सर्वांत बारीक, एक मिलिमीटर भोकाची, रुपेशने उचलून कड्यात फिरवली.

“स्मॉल होल, हाय प्रिसिजन. लॉजिकल.”

मला ओर्टनरचं धुराडं आठवलं. “अं, जंगलात कदाचित उजेड...” मी सुरुवात केली.

“बाबा, मी रिव्ह्यू वाचलेत.”

मीही फक्त वाचलेलंच होतं. तेव्हा कोणत्या तोंडाने बोलणार?

दुपारी आम्ही गावाबाहेरच्या रेंजवर गेलो. झाडीत, दोन मातीच्या बांधांमध्ये. धावतं डुक्कर म्हणजे कागदावर छापलेलं डुक्कर, रुळांवर चढवलेलं. पन्नास मीटरवर सहा मीटरच्या मोकळ्या फटीतून ते अडीच सेकंदांत पळतं. पण आधी रुपेशने स्थिर कागदावर तीन गोळ्या मारल्या. बाकावर टेकून, निवांत, चांगल्या जवळजवळ. तिन्ही वीस सेंटिमीटर वर लागल्या. त्याने कडं पट्टीवर सर्वांत खाली आणलेलं होतं, त्याहून खाली जायला जागा नव्हती.

मग डुक्कर आलं. पाच गोळ्या, पाचही मातीत.

“दिसतच नाही काही,” रुपेश म्हणाला. “लाइटिंग भिकार आहे इथलं.”

रेंजवर देखरेखीला एक जाड मिशांचा म्हातारा होता. तो म्हणाला, “जंगलात दिवे लावणार आहात का?”

मी बाकावर बसून एका पेपर नॅपकिनवर गणित केलं. कड्यापासून माशीपर्यंत साडेसहाशे मिलिमीटर. कागद पन्नास मीटरवर. गोळी वीस सेंटिमीटर वर. म्हणजे माशी आहे त्याहून दोन पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरने उंच हवी. नवं कडं जुन्या खाचेपेक्षा उंच बसलं होतं, म्हणून पुढची माशीही तितकीच उंच व्हायला पाहिजे. माशी उंच झाली की ती कड्यात आणायला नळी खाली झुकवावी लागते आणि गोळी खाली येते. गणित दोनदा तपासलं. बरोबर होतं. घडी घालून खिशात ठेवलं.

एवढंच. खिशात ठेवलं. चौदा ऑक्टोबरला दोन आठवडे उरले होते, खणात पत्र होतं आणि आता खिशात नॅपकिन. माझ्यासारख्या माणसाला इतके खिसे देऊ नयेत.

रविवारी सकाळी मी खाली गेलो तेव्हा रायफल शिकंज्यात होती आणि रुपेशच्या हातात माझी कानस.

“गोळी वर जाते ना? आल्झो, माशी खाली घ्यायची. सिंपल.”

“थांबा,” मी म्हणालो. “मला वाटतं की ते, म्हणजे, मी काल थोडं...”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ लाँगहान्स. रविवारी कानस! शांततेचा दिवस! पस्तीस वर्षांत या घरात कुणी रविवारी साधा खिळा ठोकला नव्हता! मी जिन्यात उभं राहून त्यांची माफी मागायला लागलो. माफी मागणं मला उत्तम येतं. त्यात मी कधी अडखळत नाही. जावई पाहुणा आहे, तरुण आहे, इथला नाही, असं सगळं सांगितलं. वीस मिनिटं झाली. मी माफी मागत होतो तोवर खाली कानस चालूच होती. फक्त आता हळू, मोठ्या समजूतदारपणे.

खाली आलो तेव्हा माशी एक मिलिमीटरने ठेंगणी झाली होती.

“काय सांगत होतात?” रुपेशने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

सोमवारी गोळ्या अठ्ठावीस सेंटिमीटर वर लागल्या.

रुपेशने काडतुसांचा डबा उलटसुलट पाहिला. “अम्युनिशनचा लॉट खराब आहे. मेल करतो त्यांना.”

आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. रेंजवर सगळे कानावर मफ्स लावतात, म्हणून बहुधा मी ओरडलोच.

“लॉट खराब नाही, रुपेशराव! तुम्ही उलटं कापलंत! माशी वाढवायची असते, कमी नाही करायची! हे बघा!” मी नॅपकिन बाहेर काढून त्याच्यासमोर धरला. तो चुरगळला होता आणि त्यावर शनिवारची तारीख होती.

त्याने नॅपकिन वाचला, मग तारीख वाचली.

“बाबा, तुम्हाला शनिवारीच माहीत होतं?”

“हो.”

“आणि मला रविवारी कानशीने घासू दिलंत? हे काय, सासुरवाडीची गंमत?”

मला हे उत्तर सुचायला हवं होतं की तुम्ही ऐकता का कुणाचं. पण त्याचा प्रश्न वाजवी होता. माझ्या मनात त्याच्याबद्दल इतकी तुच्छता साठली होती की त्याला चुकू देण्यात मला सुख झालं होतं. आणि ती तुच्छता गिळण्याच्या सवयीला मी नम्रता म्हणत आलो होतो.

गावातल्या गनस्मिथकडे गेलो. त्याने घासलेली माशी भिंगाखाली धरली आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

रुपेशने माझ्याकडे बोट दाखवलं. “माझे सासरे. इंजिनिअर आहेत.”

गनस्मिथने माझ्याकडे असं पाहिलं की मी सव्वीस वर्षं मायक्रॉन मोजले हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी फक्त म्हणालो, “घासण्याआधीच्या माशीपेक्षा दोन पूर्णांक सहा दशांशने उंच हवी.” त्याने खणातून तशी माशी काढली, टोकाला पांढरा मणी असलेली, आणि दहा मिनिटांत बसवून दिली. परतताना रुपेश म्हणाला, “चिडू नका हं बाबा. तुम्ही त्याला परत भेटणार थोडेच!” मी त्याच गावात पस्तीस वर्षं राहतोय.

दुपारी स्थिर कागदावर गोळ्या मधोमध लागल्या. रुपेशने फोनवर फोटो काढले. मग डुक्कर आलं, आणि पुन्हा पाच गोळ्या मातीत.

“थांबतो मी,” तो म्हणाला. “खांदा गेला.”

मिशावाला म्हातारा माझ्याकडे वळला. “तुम्ही? दोन दिवस नुसते बाकावर बसलायत. चर्चमध्ये आलायत का?”

मी नाही म्हणणार होतो. पण मिशावाल्याच्या त्या आवाजात मला दुसराच आवाज ऐकू आला. केलंय का? मी उठलो. म्हाताऱ्याने माझे खांदे धरून मला उभं केलं, दस्ता गालाला लावला आणि काही चुकलं तर पकडता यावं म्हणून अगदी मागे उभा राहिला.

कड्यातून पाहिलं. पांढरा मणी सुरेख स्पष्ट होता, अगदी पुस्तकात म्हटल्याप्रमाणे. बाकी सगळं तपकिरी अंधार. डुक्कर सुटलं. मी आयुष्यभराच्या सवयीने मणी भोकाच्या बरोबर मध्यभागी आणायला लागलो. वर किती, खाली किती, डावीकडे किती. मध्यभाग सापडला तेव्हा डुक्कर केव्हाच दुसऱ्या टोकाला पोचलं होतं. मी गोळी मारलीच नाही.

“त्याला चिठ्ठी पाठवली असतीत तर थांबलं असतं,” म्हातारा म्हणाला.

धुराड्यातून बघितल्यासारखं. हे ओर्टनरने सहा महिन्यांपूर्वी चार शब्दांत लिहिलं होतं आणि मी त्यावर किरणांच्या तीन आकृत्या काढल्या होत्या.

मी रायफल खाली ठेवली, दोन बोटांनी चकती धरली आणि फिरवून काढून टाकली. नुसतं कडं उरलं, वाटाणा जाईल एवढं.

“अहो, ते प्रिसिजन...” रुपेश म्हणाला.

“गप्प बसा जरा,” मी म्हणालो. जावयाला हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो, आणि जमलं.

या वेळी कड्याकडे पाहायला काही उरलंच नव्हतं. डोळ्याजवळ नुसती धुरकट कडा, मग तीही नाहीशी झाली. मणी आणि डुक्कर, एवढंच. मधोमध आणायला वेळ नव्हता. डोळ्याने ते आपणच केलं, मला न विचारता. मी मणी डुकराच्या नाकावर नेला आणि घोडा ओढला. खांद्याला कुणीतरी दार लोटल्यासारखं झालं.

कागद परत आला. भोक होतं, पण पार मागे, मांडीत.

“हॅम,” म्हातारा म्हणाला. “पण लागली.”

पाचांतल्या दोन लागल्या. एक हॅम, एक खांद्यापाशी. तीन मातीत. कडी ओढताना मी एकदा जिवंत काडतूसच खाली पाडलं. रुपेशने मग त्याच कड्याने तीन मारल्या आणि म्हणाला, “बघा, मी म्हणतच होतो, ओपन ठेवू या.” मी काही बोललो नाही. या वेळी गिळलं नाही, खरंच बोलायला काही नव्हतं.

मंगळवारी तो शोभनाने बांधून दिलेले लाडू घेऊन गेला. नोव्हेंबरात शेफबरोबर उभा राहील आणि डुक्कर फ्रॉइंडे, म्हणजे दोस्तलोकांना, वाटून टाकील. त्याचं होईल नीट. अशा माणसांचं होतंच.

“गेले एकदाचे,” शोभना म्हणाली. “अहो, तुमच्या खांद्याला काय झालंय? निळा पडलाय.”

“डुक्कर मारलं.”

“तुम्ही?” ती हसायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. मग तिने हळद आणि तेल गरम करायला ठेवलं.

बुधवारी सकाळी मी खण उघडला. अकरा पानं बाहेर काढून वाचली. पहिल्या पानावर “सदर प्रश्नाचा विचार दोन अंगांनी करावा लागेल” असं वाक्य होतं. ते लिहिणाऱ्या माणसाबरोबर मी तरी शिकारीला गेलो नसतो. पानं रद्दीच्या निळ्या डब्यात टाकली. सहा महिने एक म्हातारा अंधारात चकतीतून बघत होता, आणि उपाय आट्यांचे दोन फेरे एवढाच होता. दोन फेरे. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

खिशात रुपेशची चकती सापडली. ती द्यायची राहूनच गेली होती. त्याला तिची आठवण यायची नाही.

एक साधं पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं:

“प्रिय हेर ओर्टनर, चकती काढून टाका. नुसतं कडं ठेवा. कड्याकडे पाहू नका, माशीकडे पाहा आणि ती डुकराच्या नाकावर धरा. मध्यभाग शोधू नका, डोळा शोधतो. गोळी वर लागली तर माशी उंच करा, पण हे तुम्हाला माहीत आहे. उशिराला कारण नाही. धावत्या डुकरावर पाचांत दोन. केलंय. श्रीधर मोडक.”

पुन्हा वाचलं. “कारण नाही” ऐवजी काही सभ्य लिहावंसं वाटलं, पण कार्डावर जागा नव्हती, ते बरंच झालं.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीवर टपाल उचलण्याची वेळ लिहिली होती, अकरा पंचेचाळीस. माझ्या घड्याळात साडेअकरा होत होते. चौदा तारखेला दहा दिवस होते, आणि इथलं टपाल दुसऱ्या दिवशी पोचतं. तिकीट सरळ लागलंय ना ते पाहिलं, पत्ता पाहिला. पुन्हा पाहण्यासाठी हात मागे घ्यायला निघाला होता, त्याआधीच मी कार्ड फटीतून आत सोडलं.